कालवांची उरलेली गोष्ट

अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये कुणी कुणावर ओरडत नाही. हे मला दोन वर्षं रोज दुपारी तीन ते पाच ऐकून माहीत झालंय आणि मला त्याचा वीट आलाय. तिथला विद्यार्थी प्राध्यापकाच्या खोलीत शिरतो, निबंध उशिरा दिला तर चालेल का म्हणून विचारतो, आणि प्राध्यापक म्हणतो, हो हो, काही हरकत नाही, तुझी तब्येत बरी आहे ना? ग्रंथपालबाई पुस्तक हरवलेल्या मुलीला धीर देते. वसतिगृहाचा रखवालदारसुद्धा मधात बोट बुडवल्यासारखा बोलतो. मी सावंतवाडीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निबंध उशिरा आणणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे. म्हाताऱ्या वयात ही गोड बोलणारी माणसं माझ्याच हाताने रोज सुरू करायची आणि ऐकायची, हे माझ्या नशिबी आलं ते गुरुदासमुळे.

गुरुदासचा कुडाळला क्लास आहे, 'गरुडझेप ओव्हरसीज'. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना इंग्रजी ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी तिथे करून घेतात. कॉलेजातली संभाषणं आणि वर्गातली व्याख्यानं कानावर पडतात, मग त्यावर प्रश्न. ते सगळं शिकवते मी, गुरुदासला स्वतःला त्यातलं अक्षर कळत नाही. तो दिवसभर बडीशेप चघळतो आणि बोलताना तिचे हिरवे कण त्याच्या ओठांवर येऊन बसतात. ते बघून मी हातातला चहा बाजूला ठेवते. एखादा विद्यार्थी पास झाला की त्याच्या फोटोचा बॅनर एसटी स्टँडसमोर लागतो, वर गुरुदासचा फोटो विद्यार्थ्याच्या फोटोपेक्षा मोठा. मी त्या बॅनरकडे बघून नाक मुरडते. त्यात माझा फोटो कधीच नसतो, हेही मला दिसतं.

माझा शिकवण्याचा नियम एकच होता आणि तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. जे ऐकलंत त्याचंच उत्तर द्या, तुम्हाला जे माहीत आहे ते घरी ठेवून या. मुलं नेमकी उलटं करायची. व्याख्यान मधमाश्यांवर असलं आणि मुलाच्या घरी मधाच्या पेट्या असल्या, की त्याचं उत्तर हमखास चुकणार, कारण तो ऐकतच नसे. मी त्यांना भर वर्गात सुनवायचे. तुमचे कान आहेत की नुसती डोक्याला लावलेली भजी?

किशोरीला मात्र असं कधी सुनवावं लागलं नाही. किशोरी पिंगुळीची. तिचे वडील दत्ताराम कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात आणि चित्रं दाखवत गोष्टी सांगतात, पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात हेच चाललंय. ती वनस्पतिशास्त्र शिकली, खाडीतल्या कांदळवनांवर तिला पुढे काम करायचं होतं. कॅनडातल्या एका प्राध्यापकाने तिला घेतो म्हणून कळवलं होतं. अट एवढीच, की पंधरा एप्रिलच्या आत ऐकण्याच्या परीक्षेत तीसपैकी चोवीस गुण दाखवायचे. चोवीस नसले तर जागा दुसऱ्याला. त्या एका आकड्यावर पोरीचं सगळं अडलं होतं.

तिची अडचण विचित्र होती. ती ऐकताना 'हूं' म्हणायची.

तुम्हाला हसू येईल. मलाही पहिल्या दिवशी आलं, दुसऱ्या दिवसापासून डोक्यात जायला लागलं. वर्गात व्याख्यान सुरू झालं, बोलणारा श्वास घ्यायला थांबला, की मागच्या बाकावरून 'हूं'. पुन्हा थांबला, पुन्हा 'हूं'. मी एकदा बंद करून विचारलं, "काय गो, खंय दुखता तुझा?"

ती लाजली. "बाबांका हुंकार लागता, टीचर. मी पाच वर्सांची असल्यापास्ना देतंय."

मग कळलं, की दत्ताराम गोष्ट सांगतात तेव्हा शेजारी बसून कुणीतरी हुंकार द्यायचा असतो. वाक्य संपलं की 'हूं'. हुंकार आला नाही, तर सांगणारा पुढे जात नाही, कारण ऐकणारा मागे राहिला असं तो धरतो. वीस वर्षं या पोरीने हेच केलं होतं. हुंकाराशिवाय तिला ऐकूच येत नसे. लहान मुलाला मांडीवर थोपटल्याशिवाय झोप येत नाही, त्यातला प्रकार. मला तर ते अडाणीपणाचं वाटलं. एमएस्सी झालेली मुलगी आणि ही सवय!

जानेवारीत तिने घरूनच परीक्षा दिली. हल्ली तशी सोय आहे. लॅपटॉपसमोर बसायचं, आणि लांब कुठेतरी बसलेला एक माणूस कॅमेऱ्यातून तुमच्यावर डोळा ठेवतो. किशोरीने पहिल्याच व्याख्यानात दोनदा हुंकार दिला. त्या माणसाने पडद्यावर ताकीद लिहिली, पुन्हा आवाज केलात तर परीक्षा रद्द. मग तिने ओठ दातांखाली धरले आणि पुढचं काहीच तिच्या कानात शिरलं नाही. सतरा गुण मिळाले.

मी उपाय केले. तोंडात अख्खी सुपारी धरून बसायला लावलं. अर्ध्या तासाने हुंकाराऐवजी लाळ गळायला लागली आणि तासानंतर ती ओली सुपारी बाकावर ठेवलेली मला सापडली. मी ती कागदात धरून बाहेर फेकली आणि नळावर जाऊन दोनदा हात धुतले. महिनाभर हेच चाललं. शेवटी शेवटी तिचा आवाज बंद झाला खरा. कसा ते मी विचारलं नाही. सरावात तिला पंचवीस, सव्वीस पडू लागले, पण मला त्याचा भरवसा वाटेना, आणि गुरुदासला तर मुळीच नाही.

तो एक दिवस मला आपल्या काचेच्या केबिनमध्ये घेऊन बसला. आत अत्तराचा फवारा आणि आदल्या दिवशीच्या डब्याचा वास एकत्र झाला होता.

"टीचर, घरच्या परीक्षेत कानात काही घालायला बंदी आहे. आवाज खोलीत मोकळा येतो. प्रश्नही ऐकूच येतात आणि चारही पर्याय ऐकूच येतात. म्हणजे दाराआड बसलेल्या माणसालाही ऐकू येणार. बरोबर?"

"मग?"

"मग तुम्ही दाराआड बसायचं." त्याने बडीशेप तोंडात टाकली. "तिच्या घरी गेलो होतो मी. भिंतीवर बाहुल्या टांगल्यात, काळे दोरे बघितलेत? प्रेक्षकाला दिसत नाहीत असे दोरे. घरात कोबा काळा. एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला, एक तुमच्या हातात. पहिला पर्याय तर एकदा ओढायचं, दुसरा तर दोनदा. कॅमेऱ्याच्या बापाला कळणार नाही."

मला शिसारी आली. खरंच आली, घशापर्यंत. मी त्याला म्हटलं, "गुरुदास, मी शिक्षिका आहे."

"म्हणून तर! तुमच्याइतके तयार कान जिल्ह्यात आहेत कुणाचे? दुसरं कोण करू शकेल?"

मी तिथेच उठून जायला हवं होतं. मी म्हटलं, चहा मागव.

किशोरीला मीच सांगितलं. तिने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "टीचर, माका आता येता तसा. तरी करूक व्हया?"

"एकदा सतरा पडले ना? परत पडले तर? मी आसंय थंय, तू कशाक भियतस?"

"तुमी असतलात तर तुमी सांगशात तसा," ती म्हणाली. मोठ्या माणसाला उलट बोलायची पद्धत त्यांच्या घरात नाही, आणि मला ते त्या वेळी फार बरं वाटलं.

परीक्षा मार्चमध्ये होती, दुपारी दोन वाजता. मी बाराला पिंगुळीला पोचले. दत्ताराम पडवीत एक बाहुली मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या उजव्या हाताचा दोरा त्यांनी सोडला, बोटांवर गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. दोरा देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहुली हात खाली टाकून खुंटीला लटकत राहिली. मला त्या माणसाचाही राग आला. पोरीच्या भल्यासाठीच चाललं होतं ना हे? मग मानभावीपणा कशाला?

मी स्वयंपाकघरात दाराआड स्टुलावर बसले. मागे शिंकाळ्यात सुके बांगडे, त्यांचा वास, चुलीची राख, आणि साठीतली मी, शाळेच्या मुख्याध्यापकांना कधी खोटी सही न दिलेली, हातात दोऱ्याचं टोक धरून. दत्ताराम आत आले आणि खाली वाकून हळू म्हणाले, "टीचर, सैल धरा. आणि एक सांगतंय. गोष्ट सरेपर्यंत हात हलवचो नाय. आमी आधी सगळा ऐकतंव, मगे दोरो."

मी मान हलवली. बाहुल्या नाचवणाऱ्याने आता मला ऐकायला शिकवायचं! तो बाहेर पडवीत गेला आणि मी मनातल्या मनात त्याला दोन शब्द सुनावले.

माजघरात किशोरीने लॅपटॉप फिरवून खोली दाखवली, टेबलाखालचं दाखवलं. काळ्या कोब्यावर काळा दोरा कुणाला दिसला नाही. परीक्षा सुरू झाली.

पहिली संभाषणं नेहमीचीच होती. एका मुलीला वर्ग बदलायचा होता, एका मुलाचं ओळखपत्र हरवलं होतं, सगळे एकमेकांचे आभार मानत होते. मी अचूक दोरा ओढला. एकदा, तीनदा, दोनदा. पोरीने त्याप्रमाणे कळ दाबल्याचा आवाज येत होता. कबूल करते, मला मजा आली. किळस होती, पण तिच्या वर थोडा गर्वही तरंगत होता.

एकच गोष्ट खटकत होती. बोलणं चालू असताना, म्हणजे प्रश्न यायच्या आधी, दोरा माझ्या बोटांत मधूनमधून हलकेच थरथरायचा. पोरगी अंगठा हलवत होती. चुळबूळ नुसती! कॅमेऱ्यात दिसलं तर सगळं बोंबललं असतं. मी दात खाऊन गप्प बसले.

मग शेवटचं मोठं व्याख्यान लागलं. विषय निघाला कालवं.

मी आरोंद्याची. खाडीकाठची. ओहोटी लागली की आमचे पप्पा, कायतान, कोयती घेऊन खडकांवर जायचे आणि दगडाला घट्ट चिकटलेली कालवं शिंपल्यासकट खरवडून आणायचे. घरी बादलीत खाऱ्या पाण्यात ती रात्रभर राहायची. पप्पा मला बादलीपाशी बसवायचे. "थांब हां जॅनेट, आता भरती येतली, बघ कशी तोंडा उघडतत." आणि खाडीचं पाणी घरापर्यंत येत नसूनही, बादलीतली कालवं भरतीच्या वेळेला खरंच तोंड उघडायची. निदान मला तसं आठवतं.

आणि तो प्राध्यापक हेच सांगत होता! कुणा शास्त्रज्ञाने समुद्रातली कालवं काढून हजार मैल आत, जिथे समुद्र नाही अशा गावी, अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली. पंधरा दिवस ती जुन्या गावच्या भरतीला उघडत राहिली. मग त्यांनी वेळ बदलली. तिथे समुद्र असता तर भरती जेव्हा आली असती, त्या वेळेला उघडू लागली. माझ्या अंगावर काटा आला. पप्पा जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि सुक्या बांगड्यांच्या वासात, दाराआड, एक परका माणूस त्यांचंच बोलत होता. बादली, तिचा गंजलेला कान, पप्पांचे चिरलेले हात, सगळं समोर आलं. प्राध्यापक पुढेही बोलत होता, आकड्यांचं काहीतरी. दोरा बोटांत थरथरत होता, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि मला त्या थरथरीचा संताप येत होता. जरा सुखाने आठवू देत नाही ही पोरगी!

प्रश्न सुरू झाले. पहिला सोपा होता. दुसरा असा होता, की या प्रयोगाबद्दल प्राध्यापकाचं मत काय? दुसरा पर्याय कानावर आला, प्रयोगाने सिद्ध झालं की कालवांना चंद्राची ओढ कळते. मी तिसऱ्या-चौथ्यासाठी थांबलेच नाही. दोनदा ओढलं.

कळीचा आवाज आला नाही.

पर्याय वाचून संपले. मी पुन्हा ओढलं, दोनदा. आणि दोरा उलटा ओढला गेला. पोरीने अंगठा मागे घेतला होता. माझं बोट दाराच्या फटीवर आपटलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला ही कालची कार्टी उलट ओढते? मी दोरा दोन बोटांवर गुंडाळला आणि हिसका दिला, एक, दोन. मग कळ दाबल्याचा आवाज आला.

त्यानंतर तिने एकदाही दोरा ओढला नाही. कालवांचे उरलेले चार प्रश्न मी सांगेन तसे तिने दाबले. मला प्रत्येक उत्तर माहीत होतं.

परीक्षा संपल्यावर मी बाहेर आले. किशोरी न्हाणीत पायावर पाणी ओतत होती. अंगठ्याला दोऱ्याचा लाल वळ उठला होता, एका जागी कातडी फाटली होती. "चांगला झाला ना गो?" मी विचारलं. ती म्हणाली, "झाला, टीचर." दत्तारामने दोरा माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता तो बाहुलीला परत बांधेल. त्याने तो चुलीत टाकला. "हो दोरो आता खेळाक चलाचो नाय," तो म्हणाला. मला ते सोवळ्याचं ढोंग वाटलं आणि मी चहा न घेता निघाले.

निकाल आला. बावीस. चोवीसला दोन कमी.

गुरुदास म्हणाला, नेट मधेच गेलं असेल. मी म्हटलं, पोरीच्या पायाचा घोळ, ओढलं एक आणि दाबलं एक. आम्ही दोघे त्या काचेच्या केबिनमध्ये बसून अर्धा तास तिला दोष देत होतो, आणि त्याच्या ओठावरचा बडीशेपेचा कण मला त्या दिवशी तितकासा खुपला नाही. हे आज आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

परीक्षेची शेवटची तारीख नऊ एप्रिलची होती. त्यानंतर पंधरा तारखेपर्यंत निकाल हातात पडेल अशी दुसरी नव्हती. आदल्या आठवड्यात किशोरीचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "टीचर, ह्या खेपेक तुमी येव नका."

"म्हणजे?"

"मी एकटीच बसतंय."

मी फोन ठेवला आणि तासभर घरात येरझारा घातल्या. कृतघ्न! सुपाऱ्या मी उचलल्या, स्टुलावर मी बसले, आयुष्यात न केलेलं पाप मी केलं, आणि आता येव नका? पडू देत सतरा, मग येईल रडत. देवाची क्षमा मागायला मी रविवारी चर्चला गेले, पण तिथेही माझ्या मनात हेच चाललं होतं.

तिला सत्तावीस पडले.

गुरुदासने निकाल कळल्याच्या दिवशीच फोटोवाल्याला गाडीत घातलं आणि मलाही. या वेळच्या बॅनरवर तुमचा फोटो घालणार म्हणाला, 'मार्गदर्शक: जॅनेट टीचर'. मी नको म्हटलं नाही. इस्त्रीची साडी नेसले, केस बांधले. वाटेत दोनदा आरशात बघितलं. पिंगुळीला पोचल्यावर गुरुदास हार, शाल आणि पेढे घेऊन अंगणात धावपळ करू लागला, फोटोवाला उजेड बघू लागला. पडवीत दत्ताराम बसले होते. खुंटीवरच्या बाहुलीच्या हाताला नवा दोरा होता.

किशोरी माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं आणि राहवलं नाही म्हणून विचारलंच, "मगे गेल्या खेपेक काय झाला होता गो? माझ्या हातात दोरो असताना बावीस, आणि एकटीक सत्तावीस?"

तिने वडिलांकडे बघितलं. तिने पडवीत चटई टाकली.

"बसा टीचर. एक गोष्ट सांगतंय. तुमी हुंकार दिया."

"आता? फोटो काढूचो आसा."

"ल्हानशीच आसा."

मी बसले. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. उजव्या पायाचा अंगठा चटईच्या बाहेर, कोब्यावर होता. त्यावर मार्चमधल्या वळाची पुसट खूण अजून होती.

"एक मास्तर होतो," ती म्हणाली आणि थांबली.

"हूं," मी म्हटलं.

"तेना दर्यातली कालवां काढल्यान आणि हजार मैल लांब, दर्या नाय थंय, काळोख्या खोलयेत नेवन ठेवल्यान."

"हूं." मी ओळखलं, कुठलं व्याख्यान ते. ती गोष्ट सांगत होती ती वडिलांच्या चालीत, पण एकही तपशील सुटत नव्हता. खोलीचा अंधार, दिवसांची मोजणी, बदललेली वेळ. माझ्या प्रत्येक 'हूं'बरोबर तिचा अंगठा कोब्यावर हलकेच दाबला जात होता. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. मी तिकडे बघत राहिले. माझ्या बोटांना ती थरथर ओळखीची होती.

"ह्या काय करतस गो पायान?"

"हुंकार," ती म्हणाली. "तोंडान देवक नको म्हणालात. मगे अंगठ्यान देवक शिकलंय. फेब्रुवारीपास्ना तसाच ऐकतंय." ती पुढे बोलू लागली. "मास्तरान सगळ्यांका सांगल्यान, बघा, कालवांका चंद्र कळता."

"हूं," मी म्हटलं.

"पण मगे दुसऱ्या लोकांनी तेचे आकडे परत तपासल्यानी. आकड्यांत तसा काय नव्हताच. तेका जा बघूचा होता, ताच तेना आकड्यांत बघितल्यान. म्हणान प्राध्यापक सांगी होतो, ह्या कालवांची गोष्ट मी तुमका कालवांसाठी सांगूक नाय. आपणाक जा आवडता, ता ऐकताना सावध ऱ्हवा, म्हणान सांगलंय."

ती थांबली.

प्राध्यापकाचं मत काय, हा प्रश्न होता. तिसरा पर्याय हाच असणार. तो मी ऐकलाच नव्हता. माझ्या वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी दाराआड बसून पप्पांची बादली बघत होते. पोरगी शब्दन् शब्द ऐकत होती, तिचा अंगठा माझ्या बोटांत सांगत होता की ती ऐकतेय, आणि मी तो अंगठा हिसका देऊन ओढला होता, रक्त येईपर्यंत. पाच प्रश्न. तिची जागा जवळजवळ घालवली होती मी. गुरुदासची मला किळस यायची, त्याच्या बडीशेपेची, बॅनरची. पण त्याला निदान इंग्रजी येत नव्हतं.

"तुका ठावक होता," मी म्हटलं. "मगे दाबलस कशाक?"

"तुमी टीचर," ती म्हणाली. एवढंच. रागावून नाही.

अंगणातून गुरुदास ओरडला, "टीचर, या! तुम्ही मधे उभ्या राहा, हार तुमच्या हातात!"

मी उठले नाही. किशोरी माझ्याकडे बघत बसली होती. दत्ताराम पडवीच्या खांबाला टेकून बघत होते. गोष्ट अजून संपली नव्हती, आणि त्यांच्या घरात हुंकार आल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ती माझी वाट बघत होती.

"हूं," मी म्हटलं.